बातमी वाटेत गाठते तेव्हा : प्रवासातले तुमचे अनुभव लिहा

निळी बॅग

आज सकाळी दूरचित्रवाणीवर बंद पडलेल्या एका विमानतळाची दृश्ये दाखवत होते. निवेदिका रद्द झालेल्या उड्डाणांचे आकडे सांगत होती, पण माझी नजर तिच्या मागच्या चौकटीत खांबाला पाठ लावून, पिशवी पोटाशी धरून झोपलेल्या एका माणसावर खिळून राहिली. ती बातमी संपून पुढची सुरू झाली, तरी तो माणूस डोळ्यांपुढून हलेना, कारण २०१० च्या एप्रिलमध्ये अशाच एका खांबाशी मी पाच दिवस काढले आहेत.

कामानिमित्त वर्षातले शंभराहून अधिक दिवस मी बाहेर असतो. १४ एप्रिल २०१० रोजी आइसलँडमधल्या एयाफ्यात्लायोकुल ज्वालामुखीची राख आकाशात झेपावली आणि पुढच्या एक-दोन दिवसांत उत्तर व मध्य युरोपातली विमानवाहतूक जवळजवळ थांबली. मी १६ तारखेला फ्रँकफर्टला विमान बदलण्यासाठी उतरलो तो तिथेच राहिलो. माझ्यासारख्या अनेकांकडे त्या देशाचा व्हिसा नसल्यामुळे आम्हाला शहरात जाता येत नव्हते, म्हणून विमानतळाच्या कर्मचाऱ्यांनी आतल्या भागातच घडीच्या खाटांच्या रांगा मांडल्या.

मला आजही आठवते ते बाहेरचे आकाश. काचेपलीकडे ते स्वच्छ निळे होते आणि त्यात विमानाच्या धुराची एक रेघसुद्धा नव्हती. इतक्या सुंदर हवेत विमाने का उडत नाहीत, हे कोणालाच पटत नव्हते. शेजारच्या खाटेवर विमानांच्या देखभालीत आयुष्य घालवलेले एक निवृत्त गृहस्थ होते. राखेत काचेसारखे खनिजकण असतात, ते इंजिनाच्या उष्णतेने वितळून आतल्या पात्यांवर बसतात आणि इंजिन गुदमरते, हे त्यांनी मला समजावून सांगितले. २४ जून १९८२ रोजी जावा बेटावरून जाणाऱ्या एका प्रवासी विमानाची चारही इंजिने अशाच राखेने बंद पडली होती. विमान खाली आल्यावर ती पुन्हा सुरू झाली आणि सगळे जण जाकार्तात सुखरूप उतरले, असेही ते म्हणाले. हे ऐकल्यानंतर मी उशीर झाल्याची तक्रार केली नाही.

त्याच वेळी घरी आई लाल लाव्हा आणि काळ्या धुराचे लोट पाहत होती. ज्वालामुखी माझ्यापासून दोन हजार किलोमीटरहून दूर होता, पण तिच्या पडद्यावर तो आणि मी एकाच चौकटीत होतो. ज्वालामुखीबद्दल तिला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त ठाऊक होते आणि माझ्याबद्दल तिला काहीच ठाऊक नव्हते. एकाच घटनेच्या त्या दोन टोकांमधले अंतर मला तेव्हा प्रथम जाणवले आणि पुढच्या प्रत्येक प्रवासात ते कुठे ना कुठे दिसत राहिले.

तुमच्यापैकी अनेक जण सतत प्रवास करतात. एखादी मोठी बातमी तुम्हाला वाटेत कशी भेटली, ती जवळून कशी दिसली आणि घरी कशी पोहोचली, हे कृपया लिहा.

घरची आघाडी

मी स्वतः फारसा प्रवास करत नाही, पण गेली एकवीस वर्षे प्रवास करणाऱ्या माणसाच्या घरी राहते, म्हणून दुसऱ्या टोकाचा अनुभव लिहिते.

विमान अपघाताची बातमी येते तेव्हा आधी देशाचे नाव येते, मग कंपनीचे, आणि उड्डाणाचा क्रमांक शेवटी येतो. क्रमांक येईपर्यंतची ती दहा-पंधरा मिनिटे मी आयुष्यात चार वेळा काढली आहेत. चारही वेळा यजमान भलत्याच दिशेला होते आणि हे मला पूर्ण ठाऊकही होते, पण त्या पंधरा मिनिटांत भूगोल मनाला शिवत नाही.

आता विमाने नकाशावर पाहता येतात. सुरुवातीला मी रात्रभर ते छोटे पिवळे चिन्ह पाहत बसत असे. एकदा मध्यसमुद्रावर ते अचानक नाहीसे झाले आणि मी घाबरून मुलाला उठवले. त्याने शांतपणे समजावले की विमान आपले ठिकाण स्वतःच रेडिओ लहरींवरून सांगत असते; त्या लहरी पकडणारी यंत्रे जमिनीवर असतात आणि त्यांचा पल्ला काही शे किलोमीटरच असतो, त्यामुळे समुद्रावर चिन्ह दिसेनासे होणे म्हणजे विमान दिसेनासे होणे नव्हे. पहाटे दुसऱ्या किनाऱ्याजवळ चिन्ह पुन्हा उगवले. त्या रात्रीनंतर मी विमान सुटताना आणि उतरताना पाहते, मधले पाहत नाही.

निळी बॅग, तुमच्या आईंची चिंता मला पूर्णपणे समजते. तुम्ही मात्र पुढे घरी कसे पोहोचलात, ते लिहिलेच नाही.

मधली सीट

घरची आघाडी, तुमचा प्रतिसाद वाचून मी आत्ताच घरी फोन केला. एवढेच सांगायचे होते. माझा अनुभव सवडीने लिहितो.

दुभाषी

११ मार्च २०११ रोजी मी फुकुओकात होते. ही एक ओळ वाचूनच काही जणांच्या मनात काय आले असेल ते मला माहीत आहे, कारण त्या आठवड्यात मला आलेल्या प्रत्येक फोनमध्ये तेच आले होते.

भूकंप दुपारी पावणेतीनच्या सुमारास झाला. तो ९.० तीव्रतेचा होता, पण जपानच्या ईशान्येकडे. मी नैर्ऋत्येच्या क्युशू बेटावर होते आणि आमच्या बैठकीतला पाण्याचा पेलासुद्धा हलला नाही. मोठा भूकंप झाल्याचे आम्हाला एका सहकाऱ्याच्या फोनवरून कळले. दुसऱ्या दिवशी फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रात स्फोट झाला आणि जगाने ते नाव प्रथमच ऐकले. फुकुशिमा आणि फुकुओका यांच्यात सरळ रेषेने हजार किलोमीटरच्या आसपास अंतर आहे, पण कानाला दोन्ही नावे सख्ख्या बहिणींसारखी वाटतात. दोन्हींतला 'फुकु' म्हणजे सुदैव. पुढे एकीकडे बेट आहे आणि दुसरीकडे टेकडी. हे मी माझ्या मामांना फोनवर समजावत होते आणि ते रडत होते.

त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्यापुढच्या पडद्यावर एकच नकाशा होता आणि त्यात संपूर्ण जपान तळहाताएवढे होते. मी मात्र त्या दिवसापासून एक पथ्य पाळते. कुठेही जाण्यापूर्वी मी घरच्यांना केवळ शहराचे नाव सांगत नाही, तर त्या देशाच्या नकाशावर बोट ठेवून शहर दाखवते आणि जवळच्या दोन मोठ्या शहरांपासूनचे अंतरही सांगते.

जपानची एक व्यवस्था मला फार मोलाची वाटते. मोठ्या आपत्तीत तिथे १७१ हा क्रमांक सुरू होतो. आपल्या आवाजातला छोटा निरोप त्यावर ठेवता येतो आणि आपला दूरध्वनी क्रमांक ठाऊक असलेल्या कोणालाही तो ऐकता येतो. सगळ्यांनी एकाच वेळी एकमेकांना फोन केल्यामुळे तारा तुंबतात, त्यावर हा उपाय आहे. माझे काही सहकारी भूकंप झालेल्या ईशान्येतल्या सेंदाई शहराचे होते. त्यांनी दिवसभर त्या क्रमांकावर घरच्यांचे आवाज शोधले. एकाला आवाज रात्री मिळाला. दुसऱ्याला मिळाला की नाही, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

नकाशावेडा

दुभाषीताई, नकाशावर बोट ठेवण्याची तुमची सूचना मी आजपासून अमलात आणत आहे. १७१ ची सेवा परदेशी प्रवाशांनाही वापरता येते का?

दुभाषी

येते, पण निरोप ठेवण्यासाठी तिथलाच दूरध्वनी क्रमांक लागतो. घरातल्या सर्वांनी कोणत्या क्रमांकाखाली निरोप शोधायचा हे आधी ठरवून ठेवणे सर्वांत महत्त्वाचे; ऐन वेळी ते ठरवता येत नाही.

बोटीवरचा

मी मालवाहू जहाजावर इंजिन विभागात काम करतो. माझा प्रवास महिन्यांत मोजला जातो, त्यामुळे बातमीही माझ्यापर्यंत निराळ्या गतीने येते.

२३ मार्च २०२१ रोजी 'एव्हर गिव्हन' हे चारशे मीटर लांबीचे जहाज सुएझ कालव्यात आडवे अडकले, तेव्हा आमचे जहाज भूमध्य समुद्राच्या बाजूला नांगर टाकून आपल्या पाळीची वाट पाहत होते. आमच्या भोवती रोज नवी जहाजे येऊन थांबत होती आणि रात्री त्यांच्या दिव्यांमुळे समुद्रावर गाव वसल्यासारखे वाटत होते. त्या काळात जगभर एकच चित्र फिरत होते : अवाढव्य जहाजाच्या नाकाशी माती उकरणारे एक छोटे यंत्र. लोक त्यावर हसत होते. मला घरून तेच चित्र सात जणांनी पाठवले. आमच्या भोजनकक्षात मात्र त्यावर कोणी हसले नाही, कारण आम्ही त्या जहाजावरच्या माणसांबद्दल बोलत होतो. ते पंचवीसही कर्मचारी भारतीय होते.

पौर्णिमेच्या उधाणाची भरती साधून २९ मार्चला जहाज मोकळे झाले आणि बातमी संपली. जहाजावरच्यांची गोष्ट मात्र तिथे संपली नाही. भरपाईच्या वादात ते जहाज कालव्याच्या वाटेवरच्याच ग्रेट बिटर सरोवरात अडकवून ठेवले गेले आणि ७ जुलैपर्यंत निघू शकले नाही. सहा दिवसांची बातमी सर्वांना आठवते, पुढचे तीन महिने कोणाला आठवत नाहीत, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

त्याआधी, २०२० च्या सुमारास, मी सलग चौदा महिने जहाजावर होतो. आंतरराष्ट्रीय करारानुसार खलाशाला सलग अकरा महिन्यांहून अधिक काळ जहाजावर ठेवू नये असे आहे, पण बंदरे आम्हाला उतरू देत नव्हती आणि विमाने बंद होती. त्या वर्षाच्या अखेरीस जगभरात सुमारे चार लाख खलाशी असे मुदत संपूनही जहाजांवर अडकले होते. घरातले सर्व जण चार भिंतींत कोंडले गेले असल्याची बातमी आम्ही उघड्या समुद्रावर वाचत होतो. पत्नी म्हणायची, तुम्ही तरी मोकळ्या हवेत आहात. मी तिला कधी उलट उत्तर दिले नाही, कारण तिच्या बाजूने ते खरेच होते.

घरची आघाडी

चौदा महिन्यांनी घरी आलात तेव्हा मुलांनी ओळखले का, हे विचारू का? उत्तर द्यायचे नसेल तर राहू द्या.

बोटीवरचा

विचारलेत ते बरे झाले. धाकटी तेव्हा दोन वर्षांची होती. ती पडद्यावरच्या मला ओळखत होती, दारातल्या मला नाही. मी आत आल्यावरही ती आईच्या फोनकडे बोट दाखवून बाबा म्हणत होती. पुढचे तीन दिवस मी दुसऱ्या खोलीतून तिला फोन करत असे आणि बोलता बोलता तिच्या खोलीत येत असे.

मधली सीट

बोटीवरचे दादा, हे वाचून पुढचे काही लिहवेना. तुम्हाला आणि तुमच्या कुटुंबाला मनापासून शुभेच्छा.

रात्रीची गाडी

२८ एप्रिल २०२५ चा माझा अनुभव बरोबर उलट्या प्रकारचा आहे : मी बातमीच्या आत होतो आणि मला बातमी ठाऊक नव्हती.

माद्रिदहून दक्षिणेकडे जाणारी माझी आगगाडी दुपारी साडेबाराच्या सुमारास शेतांच्या मधोमध हळूहळू थांबली. दिवे गेले, हवा खेळवणारी यंत्रणा बंद पडली. प्रथम सर्वांना वाटले की गाडीत बिघाड आहे. मग एकाने घरी फोन केला तेव्हा घरातही वीज नव्हती. दुसऱ्याने दुसऱ्या शहरात केला, तिथेही नव्हती. तिसऱ्याने लिस्बनला केला आणि तिथलेही उत्तर तेच आले. त्यानंतर फोनही लागेनासे झाले, कारण मनोऱ्यांना वीजपुरवठा नव्हता आणि त्यांच्या बॅटऱ्या उतरत होत्या. स्पेन आणि पोर्तुगालचा संपूर्ण मुख्य भूभाग अंधारात आहे, एवढेच आम्हाला कळले होते. उरलेली जागा अफवांनी भरून काढली. कोणी म्हणाले की शत्रूने हल्ला केला आहे, कोणी म्हणाले की अर्धे युरोप बंद आहे. ही वाक्ये बोलणारी माणसे खोटारडी नव्हती. त्यांना भीती वाटत होती आणि न कळण्यापेक्षा वाईट कळणे त्यांना अधिक सोसवत होते.

चारच्या सुमारास जवळच्या वस्तीतले एक आजोबा बॅटरीवर चालणारा छोटा रेडिओ घेऊन रुळांच्या कडेने चालत आले. त्यांनी तो उंच धरला आणि डब्याच्या उघड्या दारापाशी आम्ही पन्नास-साठ जण चिडीचूप उभे राहिलो. मला स्पॅनिश जेमतेम समजते; एक तरुणी मला वाक्यावाक्याने अर्थ सांगत होती. वीज टप्प्याटप्प्याने परत येत आहे, एवढे ऐकल्यावर डब्यातल्या रडणाऱ्या एका बाईंनी डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी वीजजाळे चालवणाऱ्यांनी सायबर हल्ल्याची शक्यता नाकारली. तोवर आम्ही बाहेर पडलो होतो, पण त्या चार तासांत मनात बसलेला हल्ला निघायला मला आणखी काही दिवस लागले.

तेव्हापासून माझ्या सामानात एक छोटा रेडिओ असतो. तपासणीच्या रांगेत तो काय आहे असे तरुण अधिकारी विचारतात, तेव्हा मी त्यांना हीच गोष्ट सांगतो.

पहाटपाखरू

रात्रीची गाडी यांच्या अनुभवावरून माझ्या काकांची आठवण झाली. ११ सप्टेंबर २००१ रोजी ते अटलांटिक महासागरावरून अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानात होते. अमेरिकेचे आकाश बंद झाल्यावर त्यांचे विमान कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या गँडर या छोट्या गावी उतरवले गेले. तिथे त्या दिवशी अशी अडतीस विमाने उतरली आणि सुमारे दहा हजार वस्तीच्या गावात साडेसहा हजारांहून अधिक पाहुणे आले.

काका सांगत की ते कित्येक तास विमानातच बसून होते. सगळे जग ती दृश्ये पुन्हा पुन्हा पाहत होते, आणि ज्यांच्या प्रवासावर त्या घटनेचा थेट परिणाम झाला होता त्यांनी ती अजून एकदाही पाहिली नव्हती. गावकऱ्यांनी शाळा आणि सभागृहे उघडून दिली. काका एका शाळेत पोहोचले तेव्हा तिथल्या दूरचित्रवाणी संचापुढे विमानातले सगळे उभे होते आणि कोणीही बसायला तयार नव्हते. त्या गावाबद्दल ते शेवटपर्यंत अतिशय आदराने बोलत. मुलाला आणायला निघायचे आहे, म्हणून इथेच थांबते.

सुटकेसवाली

माझ्या अनुभवात मी अडकले नाही, पण एका बातमीने माझी प्रवासाची रीत बदलली, म्हणून लिहिते.

महिन्यातून चार उड्डाणे करणारी मी सुरक्षेच्या सूचनांच्या वेळी कायम डोळे मिटून घेत असे. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरणाऱ्या प्रवासी विमानाची तटरक्षक दलाच्या छोट्या विमानाशी धावपट्टीवर टक्कर झाली. भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेल्या त्या छोट्या विमानातल्या सहांपैकी पाच जणांचा मृत्यू झाला. मोठ्या विमानाने पेट घेतला, तरी त्यातले सर्व ३७९ जण बाहेर पडले. ती बातमी मी एका विमानतळावर, माझ्या उड्डाणाची वाट पाहत पाहिली.

ते लोक कसे वाचले, याचा मी पुढे बराच शोध घेतला. आठ दारांपैकी तीनच वापरण्याजोगी होती आणि विमानातली घोषणायंत्रणा बंद पडली होती, म्हणून कर्मचाऱ्यांनी कर्ण्यातून आणि मोठ्याने ओरडून सूचना दिल्या. आणि बाहेर पडताना जवळजवळ कोणीही वरच्या कप्प्यातले सामान काढायला थांबले नाही. ही शेवटची गोष्ट मला सर्वांत कठीण वाटते. माझ्या पिशवीत संगणक असतो, पासपोर्ट असतो, आजीचे घड्याळ असते. धुराने भरलेल्या विमानात मी ती सोडली असती का, असे मी स्वतःला प्रामाणिकपणे विचारले आणि मला लगेच उत्तर देता आले नाही.

आता पासपोर्ट आणि घड्याळ माझ्या अंगावर असते. जागेवर बसल्यावर मी पुढच्या आणि मागच्या दारापर्यंतच्या रांगा मोजते, कारण धुरात डोळ्यांना दिसत नाही, पण हाताला आसनांच्या पाठी मोजता येतात. कर्मचारी सूचना देतात तेव्हा मी त्यांच्याकडे पाहते. परवा एका कर्मचारी मुलीने नंतर येऊन त्याबद्दल माझे आभार मानले.

मधली सीट

मी शेवटी माझा अनुभव लिहितो. तो लहान आहे. मे २०२४ मध्ये लंडनहून सिंगापूरला निघालेल्या विमानाला म्यानमारवर असताना हवेच्या तीव्र गोंधळाचा तडाखा बसला, एका प्रवाशाचा मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी झाले. त्याच्या पुढच्याच आठवड्यात मी विमानात होतो. पट्ट्याचा दिवा विझला, पण मला एकाही पट्ट्याची कडी उघडल्याचा आवाज आला नाही. वर्षभरानंतर तो आवाज पुन्हा येऊ लागला आहे. मी पट्टा बांधलेलाच ठेवतो आणि शेजाऱ्यालाही विनंती करतो.

नकाशावेडा

मला बातमी खिडकीतून दिसते, म्हणजे विमान कोणत्या वाटेने जाते त्यातून.

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाल्यानंतर युरोपीय देशांनी रशियन विमानांना आपले आकाश बंद केले आणि रशियाने त्यांना आपले. हेलसिंकीहून टोकियोला जाणारे विमान पूर्वी सायबेरियावरून साडेनऊ तासांच्या आसपास पोहोचत असे. ते आता उत्तर ध्रुवावरून किंवा दक्षिणेकडून वळसा घेऊन सुमारे तेरा तास घेते. मी २०२३ मध्ये ध्रुवावरच्या वाटेने गेलो. खाली अथांग बर्फ होते आणि विमानातले प्रवासी छायाचित्रे घेत होते. मीही घेतले. पण समोरच्या पडद्यावर विमानाची वाट एका संपूर्ण देशाला टाळून वाकलेली दिसत होती, आणि वर्तमानपत्रात मागच्या पानावर गेलेले ते युद्ध तिथे माझ्यापुढे तेरा तास होते. शेजारच्या आसनावरचे गृहस्थ फक्त एवढेच म्हणाले की त्यांचा भाऊ तिकडे आहे. कोणत्या बाजूला, हे मी विचारले नाही.

निळी बॅग

नकाशावेडा, हा प्रतिसाद मी दोनदा वाचला. बातमी मागच्या पानावर जाते, पण वाट वाकलेलीच राहते, हे मी कित्येक वेळा पडद्यावर पाहिले आहे आणि तरी असे कधी माझ्या लक्षात आले नव्हते.

तपासणीची रांग

माझ्या दहा वर्षांच्या मुलीने मागच्या सुट्टीत रांगेत विचारले की पाण्याची बाटली रिकामी का करायची. मी तिला सांगितले की १० ऑगस्ट २००६ रोजी द्रवरूप स्फोटकांनी विमाने उडवण्याचा कट लंडनमध्ये उघडकीला आला आणि त्यानंतर शंभर मिलीलीटरची मर्यादा आली. मग तिने जोड्यांबद्दल विचारले. डिसेंबर २००१ मध्ये एका प्रवाशाने जोड्यात स्फोटके लपवून विमानात पेटवण्याचा प्रयत्न केला होता आणि इतर प्रवाशांनी त्याला धरले, हे सांगितले. जोडे काढण्याचा नियम अमेरिकेने जुलै २०२५ मध्ये मागे घेतला, म्हणजे ती बातमी जवळजवळ चोवीस वर्षे लोकांच्या पायांत होती.

शेवटी तिने पॉवर बँक वरच्या कप्प्यात का ठेवू देत नाहीत असे विचारले. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात उड्डाणाच्या तयारीतल्या एका विमानाला आग लागली. वरच्या कप्प्यातल्या पॉवर बँकेवर संशय होता आणि मार्चपासून तिथे ती हाताशी ठेवण्याचा नियम झाला. बॅटरी तापली तर ती डोळ्यांपुढे असावी, हे त्यामागचे कारण आहे. यातल्या पहिल्या दोन्ही बातम्या तिच्या जन्मापूर्वीच्या आहेत. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग तिने स्वतःहून आपली पॉवर बँक दप्तरातून काढून खिशात ठेवली.

एकांडी

मी निराळे मत नोंदवते. आठवड्याला एक प्रवास करू लागल्यापासून मी निघण्याच्या आदल्या रात्रीपासून पोहोचेपर्यंत बातम्या पाहत नाही. रस्त्यावर दर वर्षी जगभरात दहा लाखांहून अधिक माणसे मरतात आणि त्यातले बहुतेक मृत्यू बातमीत येत नाहीत. विमानाचा प्रत्येक अपघात येतो. त्यामुळे विमानतळावर हात थरथरणारी मी, गाडीत मात्र निर्धास्त झोपत असे. हे उलटे आहे हे कळायला मला फार वर्षे लागली. आता मी विमानतळावर शांत असते आणि गाडीत मागच्या आसनावरही पट्टा बांधते.

रात्रीची गाडी

एकांडी, तुमच्या हिशेबाशी मी सहमत आहे, पण बातमी पूर्णपणे बंद करू नये अशी विनंती करतो. त्या शेतात उभे असताना आम्हाला रेडिओवरच्या दोन वाक्यांची किती गरज होती, ते मी पाहिले आहे.

एकांडी

मान्य आहे. तुमच्या आजोबांचा रेडिओ मीही ऐकला असता.

घरची आघाडी

निळी बॅग, माझा प्रश्न तसाच राहिला आहे. घरी कसे पोहोचलात?

निळी बॅग

क्षमा करा, प्रतिसाद वाचण्यात तो मागे पडला.

२१ एप्रिलला मला जागा मिळाली. तोवर एकंदर सुमारे एक लाख उड्डाणे रद्द झाली होती, पण हा आकडा मला तिथे कोणी सांगितला नाही. तो मी घरी वाचला. आईने त्या सर्व दिवसांच्या वर्तमानपत्रांतली कात्रणे तारखेनुसार लावून एका वहीत चिकटवली होती. मी आंघोळ करून बाहेर आलो तेव्हा तिने ती वही माझ्यापुढे ठेवली आणि तू कुठे होतास ते मला यात दाखव, असे म्हणाली. मी ज्या घटनेत पाच दिवस राहिलो, ती मी प्रथमच सलग वाचत होतो.

एका कात्रणात फ्रँकफर्टच्या खाटांच्या रांगेचे छायाचित्र होते. आम्ही दोघांनी भिंग घेऊन माझी खाट शोधली. खांब सापडला. खाट खांबाच्या पलीकडे होती, ती छायाचित्रात आलेली नाही. आईने पेन्सिलीने खांबाशेजारी एक बारीक फुली केली. वही अजून माझ्याकडे आहे आणि फुलीही पुसली गेलेली नाही.